मागून येणारा

दबरान म्हणजे मागून येणारा.
सुरय्याच्या मागे, वीस उंटिणी हाकत,
अजूनही मागणी घालायला निघालेला.
एवढं दोन्ही गावांत सारखं होतं.

माझ्या माहेरी सगळ्या कळपालाच दबरान म्हणत;
पहिली उंटीण डोंगरावर चढली की आला दबरान.
सासरी फक्त तो एकटा,
तांबडा, उंटिणींच्या मागचा.
मधे पाव तास.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
लग्नाच्या बोलणीत मेहर निघाला, कपडे निघाले,
तारे कोण काढतो?

अकरा दिवस झाले होते. नवरा सूर बंदराला,
सुकी मासळी आणायला गेलेला.
रात्री पाण्याची पाळी आमची.
मी कळपातला पहिला ठिपका पाहिला,
फलजच्या तोंडचा दगड उचलला, चिंधी ओढली,
पाणी आमच्या खजुरांकडे वळलं.
शेजारचा मुहन्ना कंदील घेऊन धावत आला.
चोर, म्हणाला.

सकाळी अरीफसमोर त्यानं शपथ घेतली,
दबरान उगवला नव्हता.
मी घेतली, उगवला होता.
म्हातारा दाढीत बोटं घालून नुसता बसला.
मग म्हणाला, सुहैलच्या आधी दोन तारे येतात.
लोक त्यांनाच सुहैल समजतात, भांडतात, शपथा खातात.
त्यांचं नावच पडलंय,
शपथ घ्यायला लावणारे.
पाव तास परत दे, पोरी.
तू खोटी नाहीस.
पण पाणी या गावचं आहे.

नातू आता मोबाइल आभाळाकडे धरतो.
जौझाच्या खांद्यावरच्या ताऱ्याचं नाव वाचतो,
ते माझ्या जिभेवर बसत नाही.
मूळ शब्द म्हणे यद, हात.
कुण्या परदेशी लेखनिकानं
खालचे दोन नुक्ते एकच वाचले,
मग विद्वानांनी अर्थ लावला, काख.
मी हसले. हात समोर,
आणि हे काखेत शोधतायत!

जौझा कोण पण, आजी?
कुणी म्हणतं, मधली बाई.
कुणी म्हणतं, कमरेला पांढरा पट्टा असलेली काळी मेंढी.
मला ठाऊक नाही.
तिला विचारलं नसेल कुणी.

पाणी आता पंपाचं, पाळी घड्याळाची.
मुहन्नाच्या खजुरांना माझाच मुलगा पाणी सोडतो.
थंडीत झोप मोडली की गच्चीवर जाते.
पहिली उंटीण डोंगरावर दिसते
आणि हात हलतो,
दगड उचलायला.

तांबड्याला अजून पाव तास आहे.
थांबते.