आरसा

बस, अदेलिनू. मोजा काढ.
पोर्तूच्या चढावरच्या पायऱ्या
एकतीस वर्षं टपाल वाहत मोजल्यास,
कुठल्या फाटकातला कुत्रा पोटरी धरतो
तेही या पायांना पाठ होतं.

काल तुझ्या बुटातून खडा पडला,
वाटाण्याएवढा.
दिवसभर त्याच्यावर चाललास
आणि घरी येऊन सांगितलंस काय,
तर आज सार्डिन स्वस्त होती!

साखरेनं तळव्यांची वाचा नेली.
म्हणून माझ्या पावडरच्या डबीतला आरसा
आता रोज तुझ्या टाचेखाली धरते:
भेग, फोड, एखादा लालसर ठिपका.
पाणी आधी माझ्या कोपराला विचारते.
बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करते,
तिथे मलम नाही, नर्स ओफेलियानं बजावलंय.
नखं सरळ कापायची. कडा कोरायच्या नाहीत.
आणि अनवाणी, अगदी संडासापर्यंतसुद्धा, नाही.

आता डोळे मिट. सांग,
गुदगुल्या होतात का?
लग्नाच्या रात्री याच तळव्याला
माझं नख नुसतं लागलं
तर पलंग हलेपर्यंत हसला होतास.

‘होतात की,’ म्हणतोस.

खोटारडा.
मी अजून हातच लावलेला नाही.