शेपटीवरचा काटा

बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो,
लाद्या किती, कुणाच्या, कुठल्या होडीवर.
दुपारी बंदर पेंगतं तेव्हा गच्चीवर जातो
कॅमेरा घेऊन. रत्नागिरीच्या एका फोटोवाल्यानं
निम्म्या किमतीत दिला, भिंगात बुरशीचा ठिपका.
त्या ठिपक्यासकट माझ्याकडे
चारशे बारा विमानं आहेत.

साखरी नाट्याला कुणी उतरत नाही.
वरून जातात, आखाताकडे,
नाहीतर किनाऱ्याची शिवण धरून कोचीला.

रात्री फोटो मोठा करून बघायचा.
इंजिनाचं तोंड तळाशी चेपलेलं,
करंडीत खाली राहिलेल्या पेरूसारखं,
आणि शेपटी पाठीतून उगवते तिथं रेघ मोडलेली,
तर सातशे सदतीस.
डोळ्यांभोवती काजळ, तर तीनशे पन्नास.
पंखांची टोकं मागं ओढलेली,
इंजिनाच्या काठाला करवतीचे दात,
तर ड्रीमलायनर.
चार इंजिनांचं आता क्वचित येतं. शेवटचं आलं
तेव्हा मी एका होडीच्या लाद्या दोनदा लिहिल्या.

बंदरावर हसतात.
पण जुलेखाच्या पाटीत हात घालून बघा,
बोलता बोलता निवडते ती:
पट्टा ती सुरमई, ठिपका तो तोवर, त्यात काय!
त्यात काय. मीही तेच म्हणतो.

परवा रुकय्या चाची आली,
रेशनकार्डाच्या प्लास्टिकात एक फोटो घेऊन.
चाची विमानाला इमान म्हणते.
ह्ये कुठलं इमान, सांग.

हसनमियाँ सोलकर, बहरीनला उतरल्या उतरल्या.
अंगात कोट, हातात लाकडी पेटी,
नेमक्या त्याच क्षणी मिटलेले डोळे.
मागं विमानाचा एक तुकडा.

ह्या वाडीत पोराटोरांना ठाऊक आहे,
हसनमियाँ पहिल्यांदा गेला तो
आत जिना असलेल्या विमानातून.
वर गालिचा, वर सरबत, वरून ढग खाली.
होडीत सांगायचा, मशिदीच्या ओट्यावर सांगायचा,
जाळं विणता विणता मला सांगितलं
तेव्हा मी सात वर्षांचा होतो.
त्या जिन्यानंच मला गच्चीवर चढवलं.

भिंग धरलं.
खिडक्या लहान आणि दाट, जाळ्याच्या आसांसारख्या.
टोपीच्या वर शेपटी,
शेपटीच्या शेंड्याला पुढं रोखलेला काटा.
सातशे सात.
एकच मजला.

मी भिंग उगाच फिरवत राहिलो
नाकाकडे, जिथं नाक नव्हतं,
फोटोच तिथं संपला होता.
पुढचा भाग आला नाही चाची, म्हटलं,
पुढं असेल काहीतरी.

चारशे बारा फोटोंखाली
मी एकदाही ‘असेल’ लिहिलेलं नाही.

चाचीनं पदरानं फोटो पुसला, उलटाच.
जिना नव्हता रे.
असता तर पायऱ्या मोजून आला असता.
तांडेल होता तो, वाव मोजायचा, चांदणी मोजायचा,
माझ्या बांगड्या मोजून गेलेला.
ह्या तुझ्या कारखान्याला पायऱ्या किती?

मला सांगता येईना.
रोज चढतो.

तेवीस, म्हणाली. तोच बोलला होता.

मग नाव लिहून घेतलं फोटोच्या मागं,
पेन्सिलीनं, शाई पावसात फुटते म्हणून.
बोइंग सातशे सात.
वाचता येत नाही तरी अक्षरांवरून बोट फिरवलं,
काट्यावरून फिरवावं तसं, सावकाश.

उठेल असं वाटलं. उठली नाही.
फोटो परत माझ्यापुढं सरकवला.

इमान कळलं.
आता ह्यो कोट कुणाचा, ते बघ.
ह्यो त्याचा नव्हं.

मी भिंग पुन्हा उचललं.
बटणं चार. तिसरं वेगळं.