कितीला पडलं?

सातपूरला गायखेंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
शनिवारी साडेसातला शटर अर्धं खाली येतं
आणि आम्ही वाकून आत शिरतो.
वार्निशचा वास, भिंतीशी तांब्याच्या तारेची रिळं.
टेबलावर गायखे कालचा पेपर अंथरतात,
पिशव्या त्यावरच उघडायच्या,
कारण या दुकानात जमिनीवर पडलेला स्क्रू
आजवर कुणाला परत मिळालेला नाही.

आधी वस्तू ठेवायची. मग गप्प बसायचं.
कुणीतरी विचारणारच: कितीला पडलं?

अनीस कोकणीनं गरम हवेचा ब्लोअर आणलाय,
नोझल चार, माहितीपत्रक अख्खं चिनी.
घरी काय सांगितलंस?
हेअर ड्रायर.
आणि त्याच्या डोक्यावर केस किती, ते सगळे बघतात.

पार्थ टिळेकडे पाचशे रेझिस्टरांचा डबा,
लागणार होते सात.
उरलेले चारशे त्र्याण्णव तो कप्प्याकप्प्यानं
असे मांडून दाखवतो, जसं काही रुखवत.

खैरनार सरांनी मागवलेल्या आयसीवरून
स्पिरिटचा बोळा फिरला, तसं नावच पुसलं गेलं;
खाली दुसरं नाव, जुनं, खरवडलेलं.
अशी दोन-चार प्रत्येक वर्गात असतात, सर म्हणाले,
आणि ती फेकली नाहीत.
शर्टाच्या खिशात ठेवली.

मी अंबडला, पॅनेल बोर्डाच्या लाइनवर.
दिवसभर दुसऱ्यांच्या वायरी ओढते.
माझी खरेदी एवढीशी: एक वाकडा चिमटा,
टोक इतकं बारीक
की भाताच्या दाण्याहून लहान कपॅसिटर
त्यात न कुरकुरता बसतो.
त्याची किंमत घरी सांगताना
मी तिसरा पट्टा अंगठ्याखाली धरते.
यात हसण्यासारखं काय, ते बाहेरच्याला कळणार नाही.
आम्ही पाचही जण हसलो.

मग गायखेंनी टेबलाखालून गोणपाट ओढलं.
बुधवारच्या बाजारातून, म्हणाले, गोदाकाठून,
पितळी स्टोव्ह आणि जोडी नसलेल्या चपलांच्या मधून.
आत स्कोप.
जुना, दोन चॅनेलचा, ट्यूबचा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा.
आणि व्होल्टच्या बटणाच्या जागी
टूथपेस्टचं लाल झाकण.

ते झाकण आम्ही ओळखतो.
मूळ बटण मिळेपर्यंत, असं मौले काका म्हणाले होते,
त्याला अकरा वर्षं झाली.
गेल्या दिवाळीपासून ते पुण्यात, मुलाकडे,
चौदाव्या मजल्यावर.

किंमत कुणी विचारली नाही.

पिन लावली. तापत्या धुळीचा वास आला,
मग कितीतरी वेळानं हिरवी रेघ.
डावीकडे जरा उतरती, होती तशीच.
रेघ सरळच आहे, काका भांडायचे,
तुमचं सातपूर उताराला आहे.
पार्थनं स्क्रूड्रायव्हर उचलला,
मागच्या बाजूचं ते छोटं भोक शोधलं,
आणि स्क्रूड्रायव्हर पुसून परत ठेवला.

अनीसनं फोन लावला, स्पीकरवर.
काका, तुमचा झाकणवाला स्कोप गायखेंना सापडलाय.
पलीकडून ना कसे आहात, ना कोण कोण आलंय.
कितीला पडला?
नऊशे.
फसलात! भंगारवाल्यानं माझ्याकडून तीनशेला नेला. किलोवर.
आवाजात जिंकल्याचा आनंद इतका
की गायखेसुद्धा हरल्यासारखे हसले.

मग तिकडे लिफ्टचं दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज.
मग काका, हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय तसे:
प्रोब मी दिले नाहीत हं.
कपाटात आहेत. दोन्ही.
एकाची क्लिप तेवढी सैल झालीये.