रकाना क्रमांक नऊ

फॉर्म अरबीत, खाली बारीक इंग्रजीत.
नववा प्रश्न : धूम्रपान करता का?
शेजारी नवरा, चष्मा कपाळावर,
त्यानेच 'नाही'वर खूण केली
आणि माझ्याकडे बघून हसला.
मीही हसले.

तेव्हापासून चार महिने
रोज रात्री एक गोळी, मसुराएवढी.
डॉक्टर हनान म्हणाल्या होत्या,
मिसेस तुस्कानो, सहा-आठ आठवड्यांत निवेल सगळं.

निवलं नाही.
फाहाहीलच्या रस्त्यावर सत्तेचाळीस अंश,
ऑफिसात एसी अठरावर,
तरी पगाराच्या रजिस्टरवर हनुवटीवरून थेंब पडतो,
कोणा क्रेनवाल्याच्या ओव्हरटाइमचा आकडा
फुगून निळा होतो.
रात्री उशी उलटते. पुन्हा उलटते.
नवरा झोपेत म्हणतो, पंखा लाव.
पंखा लावलेलाच असतो.

मग चपला हातात घेऊन गच्चीवर.
टाक्यांमागे, डिश अँटेनांच्या रानात माझी जागा.
कधी मॅरिसेल येते, चौथ्या मजल्यावरची,
माचिस तिची, पाकीट माझं.
समोर रिफायनरीची ज्योत, रात्रभर.
तिला कोणी विचारत नाही दिवसाला किती.

आई मिश्री लावायची, अंगणात, उघड.
तिचं अंग कधी तापलं, कधी निवलं
कुणाला कळलं नाही,
केळीला पाणी लावता लावता सरलं असेल.

काल एकटीच गेले.
हनानबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.
गोळी घेऊनही रक्तात एवढंच?
मग पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दार बंद आहे.

दिवसाला सहा, मी म्हटलं.
नाताळात आठ.

ओरडल्या नाहीत. पाठकोऱ्या कागदावर यकृत काढलं,
कोहळ्याच्या फोडीसारखं.
गोळी इथूनच जाते. धुराने ही भट्टी इतकी पेटते
की औषध रक्तात पोचायच्या आधीच
बरंचसं खाऊन टाकते.
मग पेन पोटरीवर गेलं, एक ठिपका : इथे गाठ धरते.
मग कपाळावर. तिथे काही काढलं नाही,
नुसतं टेकवलं.

पट्टी देते, म्हणाल्या, कातडीतून जाते,
यकृताला वळसा घालून.
धुराला मात्र वळसा नाही.

पट्टी पारदर्शक आहे, कमरेखाली,
घामाने एक कोपरा सुटतोय, मी दाबते.
पाकिटात चार उरल्यात.
मॅरिसेलने खालून दोनदा मिस्ड कॉल दिला.

रात्री नवऱ्याचा हात अडखळला,
हे काय चिकटलंय?
उशी उलटली नाही मी.
म्हटलं, दिवा लाव,
सांगते.