आवर

काटोलची एसटी फेटरीच्या गतिरोधकावर आदळते
आणि मी मांडीवर मांडी घट्ट दाबते.
बाजूची बाई म्हणते, नीट बस न वं पोरी.
नीट बसले तर काय होईल
ते मला एकटीला माहीत.

तेविसावं चालू आहे.
घरून निघताना दोनदा जाते,
चपला घालून पुन्हा एकदा.
काहून जातं वं इतक्यांदा, आई विचारते,
पानी कमी पेत जाय.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीला,
मी पाणी कमी पिते.
बाटली भरून नेते, भरलेलीच परत आणते
आणि अंगणातल्या मोगऱ्याला ओतते.
मोगरा यंदा फार फुलला.

विभागातल्या मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं.
किल्ली बावणेभाऊंकडे, तुटक्या फूटपट्टीला बांधलेली,
म्हणजे कुणाच्याही हातात लांबून दिसावी अशी.
सर, मुलं, झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या देखत
ती पट्टी घेऊन चालत जायचं.
मी सहा तास धरून ठेवायला शिकले.
एमएस्सीत तेवढं मात्र पक्कं झालं.

मग गॅदरिंगच्या तालमीत तिसऱ्या उडीला
ओलं.
थोडंसंच. चमचाभर.
त्या दिवसापासून माझे सगळे कपडे काळे.

लायब्ररीच्या जिन्यावर रागिणी धुर्वे पॅड मागायला आली.
शंभर मीटरवाली रागिणी, जिच्या मागे धूळ धावते.
डेट आहे का, मी सहज विचारलं.
नाही, ती म्हणाली, स्टार्टला लागतं.
मी बॅगेतून दोन काढली,
एक तिला दिलं.
माझीही नाही, म्हणाले.
मग आम्हाला हसू आलं
आणि दोघींनी एकदमच हसू दाबलं,
कारण हसूनही होतं.

मेडिकलच्या खिडकीवरचा माणूस फॉर्म भरत होता.
लग्न झालं? नाही.
मुलं? नाही.
मग?
त्याचा पेन त्या 'मग'वर बराच वेळ थांबला.

डॉक्टर निलोफर मात्र थांबल्या नाहीत.
प्लास्टिकचा सांगाडा टेबलावर ठेवून
कमरेच्या हाडांच्या तळाशी रुमाल ताणून दाखवला त्यांनी:
अशी झोळी असते, सगळं पेलून धरणारी.
ओटी भरायची तर माझ्या मावश्यांना तोंडपाठ,
खण, नारळ, तांदूळ,
पण ओटीच्या खाली अशी झोळी टांगलेली आहे
हे घरात कुणी बोललं नव्हतं.

मला वाटलं, सैल पडली असेल.
घट्ट कर म्हणतील, मी करेन, त्यात मी हुशार आहे.
त्यांनी तपासलं, विचारून, हळू,
आणि म्हणाल्या, अगं, ही तर मुठीसारखी आवळलीय.
दिवसभर मूठ आवळून कुणी ओझं पेलतं का?
थकते ती. आणि भलत्या वेळी सुटते.
आधी सोडायला शीक.

सोडायला.
पसारा आवर, पाय आवर, आवाज आवर,
ओढणी आवर, हसू आवर,
बस येईल, लवकर आवर.
एवढ्या वर्षांत हा दुसरा शब्द
मला पहिल्यांदाच कुणी लिहून दिला,
सरकारी चिठ्ठीवर, दिवसातून तीन वेळा.

श्वास आत येतो, पोट फुगतं,
तळाशी काहीतरी उतरतं
जिन्याच्या दोन पायऱ्या.
कधी उतरतं, कधी नाही.
परवा पुन्हा झालं, शिंकेला.
वहीत लिहिलं: मंगळवार, शिंक, चमचाभर.
रागिणीच्या वहीत स्टार्ट आहेत, तारखेनिशी.

काल मी बाटली अर्धी प्यायले
आणि किल्ली मागितली, जरा मोठ्यानंच.
बावणेभाऊंनी पट्टी वर न बघता सरकवली.

आज आई बाहेरून दार वाजवतेय,
आवर वं, गाडी जाईन.
मी बसलेय.
पाय टेकलेले, खांदे खाली,
एक, दोन,
जाऊ दे गाडी.