अडीच सूत

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. लडलोच्या वरच्या उतारावर
ब्लॅकबेरीची शेवटची फळं बुरसलेली,
आणि आयव्हर प्रॉसर माझ्या दारात, चिखलाचे बूट न काढता:
"दारं बारीक केलीस का?
थंडी पडली की उंदीर भाड्याची जागा बघत हिंडतात."

माझ्या तीन पेट्या. प्रत्येकीचं दार दोन वीत रुंद, बोटभर उंच.
जूनमध्ये तेवढं लागायचंच.
आता नरांना हाकलून झालंय,
उंबऱ्याखाली त्यांची पोकळ अंगं मुंग्या ओढून नेतात.
आत माश्या राणीभोवती मुठीसारख्या वळत चालल्यात.
ती मूठ सोडून पहाऱ्याला कुणी येणार नाही.
उंदराला नेमकं एवढंच माहीत असतं.

लाकूड हवं होतं.
माळ्यावर कॅरम होता, मिरजेचा.
विमानात त्याचं वेगळं भाडं भरलं मुकुंदने,
आणि हीथ्रो येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नव्हते.
इथल्या ओलीत फळीला पोट आलं,
सोंगट्या आपसूक रेणुकाच्या बाजूला घरंगळत,
ती त्याला कौशल्य म्हणे.
चौकट मात्र शिसवी. अजून ताठ.

आयव्हरने सांध्यावरून बोट फिरवलं.
"हे पांढरं काय?"
बोरिक पावडर. तीस वर्षांची.
"झुरळं मारतात ना याने?"
मी गप्प.
मग दोन दिवस बाथटबात, सोड्याच्या कढत पाण्यात
काथ्याने घासली चौकट, कोपऱ्यांत सुई घालून.

माप तो म्हणाला पाच सोळांश इंच.
मी पट्टीवरच्या बारीक रेघा मोजत बसले,
आणि मध्येच आमच्या गल्लीतले बाबू मिस्त्री आठवले,
अडकणारं दार तासताना म्हणायचे,
"अडीच सूत, ताई. तीन केलं की गेलं."
आठ सुतांचा इंच. बोटांवर हिशोब केला:
तेच की हे!
आयव्हरने तो शब्द दोनदा बोलून पाहिला, सूट, सूट,
आणि पेन्सिल कानामागे खोचली.

अडीच सुतातून माशी जाते,
पायांवरचे परागाचे गोळे न सांडता.
उंदराचं डोकं अडतं.
"बाकीचा उंदीर म्हणजे पाणी," आयव्हर म्हणाला,
"हाड काय ते कवटीत."

पहिली पट्टी मी उलटी बसवली होती, खाच खाली.
हिवाळाभर आत मरणाऱ्या तळाशी साचत जातात,
खाच खाली असेल तर
मेलेल्याच जिवंतांचं दार बुजवतात.
खिळे उपसले. फिरवली.

तिसऱ्या पेटीला हातोडी उचलली तर त्याने मनगट धरलं.
"आधी आत बघ. कोंडशील नाहीतर त्यालाच."
त्याने पेटी तिरकी केली.
कोपऱ्यात वाळलं गवत, शेवाळ, मेणाचा भुगा,
आणि माझा हिरवा हातमोजा, महिनाभर शोधत होते तो,
पाचही बोटं उसवून गादी केलेला.
त्यावर उंदीर. आमच्याकडे पाहिलं त्याने.
घाई अशी नव्हती.
मग उतरला, गवतातून गेला
माझ्याच घराच्या दगडी भिंतीत.
आयव्हर बराच वेळ हसला, मग खोकला.

रात्री रेणुकाचा फोन.
कॅरम कापला म्हटल्यावर ती थोडं थांबली.
"आणि राणी?"
"आत आहे. कव्हर दिलंय."
"आई, ती लाल सोंगटी विचारतेय मी."
ती डब्यात आहे, म्हटलं. फिकी झालीय जरा.

दिवा मालवला, आणि वर माळ्यावर
चौकट नसलेल्या त्या फळीवरून
काहीतरी टकटक करत सरकत गेलं,
कडेपर्यंत.
मी पडल्याची वाट बघत राहिले.