तिसरी स्कीम, सिडको

सोडतीत नंबर लागला तेव्हा
सगळी दारं एकाच करड्या रंगाची.
अंबडची रात्रपाळी करून खैरनार
एकदा चुकून पगारेंच्या घरात शिरले,
बाहेरच्या खोलीत बूट काढून
भिंतीकडे तोंड करून झोपलेसुद्धा.
पगारेबाईंनी सकाळी चहा दिला,
म्हणाल्या, उठा भाऊ, तुमचं घर पुढच्या ओळीत.

त्याच रविवारी खैरनारांनी दार निळं केलं.
मग कुणी पोपटी, कुणी शेंदरी.
कुणी जिना बाहेरून काढला,
कुणी गॅलरी ओढून
शिलाई मशीन मावेल एवढी खोली केली.
नकाशात यातलं काहीच नाही.

परवा मोजणीवाला पोरगा आला.
लाल ठिपका मशीनपर्यंत गेला
आणि अलीकडच्या भिंतीवर परत आला.
"वाढीव धरत नाही, काकू."

संमतीपत्रावर एक्काहत्तर सह्या झाल्यात.
वत्सलाबाई खैरनारांची राहिली.
लिफ्ट हवीच आहे त्यांना, गुडघे गेलेत,
पहाटे साडेचारच्या नळाला उठवत नाही.
बिल्डरच्या माणसाला त्यांनी एवढंच विचारलं,
दारं कशी असतील?
त्याने माहितीपत्रक उलगडलं.
चौदा मजले, मजल्यावर सहा,
सगळी सागवानी तपकिरी,
रंग बदलायची परवानगी नाही.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.
मग चष्मा पुसला, पेन मागितलं.
"हे नाहीत आता, तेच बरं.
कुठल्या मजल्यावर जाऊन झोपले असते कोण जाणे,
आणि तिथं चहा कोण देणार होतं?"